चाकाची जुळणी आणि झिजेचा प्रश्न

एकच चाक दोन निरनिराळ्या कामांना सारखेच नीट लागू शकते का, हा प्रश्न वरवर पाहता कारागिराचा आहे. रोजच्या रस्त्यावर आणि शर्यतीच्या ट्रॅकवर अशा दोन्ही ठिकाणी पळवायच्या स्पोर्ट्‌स कारपुढे तो अंशांत आणि मिलिमीटरांत उभा राहतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात वर्धा जिल्ह्यात तोच प्रश्न चरख्याच्या चाकापुढे आला आणि तिथे त्याला धर्मविचाराचे रूप मिळाले. कुणी अर्धा तास यज्ञ म्हणून चालवायचे चाक आणि कुणी पोटासाठी आठ तास चालवायचे चाक एकच असावे का? साधन नीट लागले आहे हे कशावरून ठरवायचे: त्याच्या वेगावरून, चालवणाऱ्याच्या हेतूवरून, की आणखी कशावरून?

मोटारीपासून सुरुवात केली तर प्रश्नाचा सांगाडा स्वच्छ दिसतो. मोटारीच्या चाकाची जुळणी मुख्यतः तीन कोनांवर चालते. चाकाचा माथा आत किंवा बाहेर किती कलला आहे, तो कॅम्बर. वरून पाहिल्यावर पुढची दोन चाके एकमेकांकडे किती वळलेली दिसतात, तो टो. चाक ज्या अक्षाभोवती वळते तो अक्ष बाजूने पाहता मागे किती झुकला आहे, तो कॅस्टर. गाडी वेगाने वळणात शिरली की वजन बाहेरच्या चाकांवर जाते, सांगाडा कलतो आणि त्याच्याबरोबर टायरही कलंडून केवळ बाहेरच्या कडेवर टेकू लागतो. म्हणून ट्रॅकसाठी चाकाचा माथा आधीच आत कलवून ठेवतात, पुष्कळदा अडीच-तीन अंश. वळणात हा कल फिटतो, टायर सपाट बसतो आणि पकड पुरी मिळते. हीच गाडी नागपूर-मुंबई समृद्धी महामार्गाच्या वर्धा जिल्ह्यातल्या सरळ काँक्रीटवर तासभर चालवली, तर हा कल फिटावा असे तीव्र वळणच येत नाही. टायर आतल्या कडेवर धावत राहतो, ती कड तापते आणि झिजते. रस्त्यासाठी म्हणूनच अर्धा ते एक अंश कल पुरेसा मानतात.

टोची गोष्ट आणखी नाजूक आहे. ट्रॅकवर पुढची चाके किंचित बाहेर वळवलेली असली की गाडी वळणात चटकन शिरते. पण सरळ रस्त्यावर तीच गाडी चंचल होते आणि स्टिअरिंग सतत सांभाळावे लागते. रस्त्यासाठी चाके किंचित आत वळवतात, त्यामुळे गाडी आपली रेघ धरून राहते. टो चुकला तर टायर प्रत्येक मीटरला थोडा आडवा घासला जातो. म्हणून कॅम्बरच्या चुकीपेक्षा टोची चूक टायर फार लवकर खाते. कॅस्टर वाढवला की वळल्यानंतर चाक आपोआप सरळ व्हायला बघते आणि वळणात बाहेरच्या चाकाला आत कलही मिळतो. मात्र स्टिअरिंग जड होते. दोन्ही कामे एकाच गाडीकडून करून घेणारे लोक मधला मार्ग काढतात. कॅम्बर दीड ते दोन अंशांवर ठेवायचा, टो जवळपास शून्यावर आणायचा आणि कॅस्टर जेवढा मिळेल तेवढा घ्यायचा. काही जण सस्पेन्शनच्या माथ्यावर सरकती प्लेट बसवून रस्त्याची आणि ट्रॅकची अशा दोन खुणा करून ठेवतात. तरीही कॅम्बर हलवला की टो हलतोच, म्हणून टो नेहमी शेवटी लावतात.

या सगळ्या खटाटोपात तत्त्वविचाराच्या दृष्टीने मोलाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी, की काळजीने काम करणारा मेकॅनिक रिकाम्या गाडीची जुळणी करत नाही. टायरमधली हवा ठरल्याप्रमाणे भरतो, टाकीत इंधन ठेवतो आणि चालकाच्या वजनाएवढे वजन सीटवर ठेवतो. चाकाचे कोन त्या वजनाखाली मोजायचे असतात, कारण माणूस बसला की स्प्रिंग दबतात आणि कोन बदलतात. थोडक्यात, जुळणी यंत्र आणि माणूस मिळून होते. दुसरी गोष्ट झिजेची. गाडीच्या मालकाने काहीही सांगितले तरी टायर बघून गाडी कशी वापरली गेली ते कळते. आतली कड खाल्लेली असेल तर कल जास्त होता आणि वाट सरळ होती. बाहेरचा खांदा जळलेला असेल तर कल कमी होता आणि वळणे जोरात घेतली होती. पृष्ठभाग करवतीच्या दात्यांसारखा झाला असेल तर टो चुकला होता. जुळणी आणि वापर यांत जी फट राहते, ती झिजेच्या रूपाने कुठेतरी उतरतेच.

स्पोर्ट्‌स कारच्या बाबतीत हा हिशेब सरळ आहे, कारण वेगाची आवड ज्याची, टायरचे बिलही त्याचेच. मधली जुळणी निवडली काय किंवा टोकाची निवडली काय, भुर्दंड त्यालाच पडतो आणि तो भरायचा की नाही हे ठरवायला तो मोकळा आहे. नीतीचा प्रश्न तिथे जवळजवळ उद्‌भवत नाही. चाकाचा वेग एकाने ठरवायचा आणि झीज दुसऱ्याने सोसायची, अशी वाटणी झाली की तो उद्‌भवतो. चरख्याच्या बाबतीत नेमके हेच घडले, आणि वर्ध्याच्या विचारवंतांचे मोठेपण हे की त्यांनी तो टाळला नाही.

चरख्याची जुळणी मोटारीइतकीच काटेकोर असते. मोठे चाक, त्यावरून जाणारी दोरीची माळ आणि चातीवरची, म्हणजे धाग्याला पीळ देणाऱ्या सळईवरची, छोटी कप्पी ही एका पातळीत असावी लागतात. चाक कप्पीच्या रेषेतून जरा सरकले की माळ उतरते, किंवा एका बाजूला घासत चात ओढून धरते. चात स्वतः अगदी सरळ हवी. तिला सुतभर बाक आला तरी टोक थरथरते, ती थरथर धाग्यात उतरते आणि धागा नेमका पेळूजवळ, जिथे तंतू अजून सैल असतात, तिथे तुटतो. सूत निघताना धागा चातीच्या टोकाशी विशाल कोन करून धरायचा असतो, म्हणजे चातीच्या प्रत्येक फेऱ्याला तो टोकावरून निसटतो आणि त्यात एक पीळ पडतो. गुंडाळताना तोच धागा काटकोनात आणायचा. माळ सैल असेल तर ती घसरते आणि पीळ कमी पडतो; फार ताणलेली असेल तर चात जड होते आणि तो जडपणा थेट कातणाऱ्याच्या खांद्यात जातो. पावसाळ्यात लाकूड फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, म्हणून ही जुळणी एकदा करून मोकळे होता येत नाही.

वेगाचे गणितही सोपे आहे. सोळा नंबरच्या सुताला इंचाला साधारण सोळा पीळ लागतात. चार फुटांच्या एका तारेला म्हणजे ७६८ पीळ झाले. चाकाचा व्यास २० इंच आणि कप्पीचा अर्धा इंच असेल तर चाकाच्या एका फेऱ्यात चात ४० वेळा फिरते. तेवढ्या तारेसाठी चाक सुमारे १९ वेळा फिरवावे लागते. कप्पी लहान केली किंवा येरवडा चरख्याप्रमाणे दोन चाकांची साखळी केली तर हाताचे फेरे कमी होतात. पण चातीचा वेग जितका वाढवावा तितकी जुळणीतली बारीकशी चूकही वाढून टोकाला येते. सावकाश चालणाऱ्या चरख्यात खपून जाणारा बाक वेगाच्या चरख्यात धागा तोडतो. कापसाच्या तंतूचीही मर्यादा आहेच. हिंगणघाटचा कापूस एके काळी मध्य प्रांताची शान होता, तरीही आखूड तंतूच्या कापसातून हवे तितके बारीक सूत ओढता येत नाही.

आता या चाकाचे दोन उपयोग पाहावेत. १९२१ मध्ये गांधींनी गीतेच्या तिसऱ्या अध्यायातल्या यज्ञचक्राचा अर्थ चरख्याला लावला. तिथले चक्र परंपरेने यज्ञ, पर्जन्य, अन्न आणि प्राणी यांचे आहे. जो ते पुढे चालवत नाही त्याचे जगणे व्यर्थ, असे तिथे म्हटले आहे. भुकेल्या देशात हे चक्र पुढे चालवायचे कर्म म्हणजे कातणे, असा गांधींचा आशय होता. १९२४ च्या अखेरीस बेळगावच्या अधिवेशनात काँग्रेसने सभासदत्वासाठी महिन्याला २००० यार्ड सुताची अट स्वीकारली. सरावलेली कातणारी तासाला तीन-चारशे यार्ड काढते, हे लक्षात घेता ही अट महिन्याकाठी पाच-सहा तासांची, नवशिक्याला रोज अर्ध्या तासाची. हे सूत्रयज्ञाचे चाक. दुसरे चाक खेड्यातल्या बाईचे. तिला यज्ञाचे नाव ठाऊक असो वा नसो, शेतीचे काम नसलेल्या महिन्यांत दोन पैसे मिळावेत म्हणून ती दिवसभर कातते.

पहिल्या चाकावर सर्वांत मार्मिक आक्षेप रवींद्रनाथ टागोरांनी १९२५ मध्ये घेतला. एकच हालचाल सगळ्यांनी, सारखीच, रोज करत राहिल्याने मन यंत्रासारखे होते, हा त्यांच्या म्हणण्याचा गाभा होता. गांधींनी त्याच वर्षी उत्तर दिले. आपण कुणाला आपला धंदा सोडून दिवसभर कातायला सांगितलेले नाही, अर्धा तास पुरे, असे त्यांचे म्हणणे होते. अर्ध्या तासाच्या कातण्यापुरते हे उत्तर पुरेसे आहे. पण टागोरांचा आक्षेप आठ तास कातणाऱ्या बाईला लावून पाहिला तर तो अधिक जड होतो आणि गांधींचे उत्तर तिच्यापर्यंत पोचत नाही. तिला अर्ध्या तासावर थांबण्याची सोयच नव्हती. सूत्रयज्ञाच्या चर्चेत हा मुद्दा बराच काळ मागे राहिला, हे त्या चर्चेचे उणेपण मानावे लागते.

१९२९ मध्ये अखिल भारत चरखा संघाने सुधारलेल्या चरख्यासाठी एक लाख रुपयांचे बक्षीस जाहीर केले. त्याच्या अटी आज वाचल्या तर एखाद्या तत्त्वचिंतनाच्या ग्रंथाइतक्या विचार करायला लावतात. चरखा हलका, उचलून नेता येईल असा आणि खेड्यातल्या झोपडीत हाताने किंवा पायाने चालवता येण्याजोगा हवा. बाईला तो फारसे श्रम न होता सलग आठ तास चालवता यावा. आठ तासांत त्यातून १२ ते २० नंबरचे १६,००० यार्ड सूत निघावे. किंमत १५० रुपयांच्या वर नसावी. वेळोवेळी देखभाल केली तर तो २० वर्षे चालावा. या अटींत वेग आहे, तसे माणसाचे वजनही आहे. सीटवर चालकाचे वजन ठेवून कोन मोजणाऱ्या मेकॅनिकने जे करायचे ते इथे आठ तासांच्या अटीने केले आहे.

पण अटींचा आपसांत मेळ बसतो का, हे कागदावर तपासता येते. १६,००० यार्ड म्हणजे ५,७६,००० इंच. सोळा नंबरच्या सुताला इंचाला १६ पीळ धरले तर ९२,१६,००० पीळ होतात. आठ तासांची ४८० मिनिटे. म्हणजे मिनिटाला १९,२०० पीळ, आणि तेही सूत गुंडाळायला, तुटलेला धागा जोडायला, पेळू बदलायला एक क्षणही न जाता. बारा नंबरचे जाड सूत धरले तरी हा आकडा साडेसोळा हजारांच्या खाली येत नाही. त्या काळच्या गिरणीतली चातही एवढ्या वेगाने फिरत नव्हती. तेव्हा एका चातीचा चरखा कितीही कुशलतेने लावला तरी या अटी पुऱ्या करणे शक्य नव्हते. अनेक चाती हव्यात, आणि अनेक चाती आल्या की पेळूतून तंतू ओढण्याचे काम बोटांकडून काढून रुळांकडे द्यावे लागते. म्हणजेच बक्षिसाने दीडशे रुपयांत झोपडीत मावेल अशी छोटी गिरणी मागितली होती. किर्लोस्करवाडीत तयार झालेल्या काळे यांच्या चरख्यासह जे प्रयत्न झाले ते कसोटीला उतरले नाहीत, आणि बक्षीस कुणालाच मिळाले नाही.

याला केवळ तंत्राचे अपयश म्हणून सोडून देणे बरोबर होणार नाही. अटी लिहिणाऱ्यांनी ट्रॅकचा वेग आणि रस्त्याची सुखद चाल एकाच वेळी मागितली, आणि दोहोंच्या मधली झीज कुणाच्याच अंगावर पडू नये अशी इच्छा धरली. ही इच्छा प्रामाणिक होती. पण वेग वाढवला तर झीज यंत्राच्या गुंतागुंतीत जाते, आणि गुंतागुंत गावच्या सुताराच्या हाताबाहेर गेली की दुरुस्तीचा पैसा गावाबाहेर जातो. वेग न वाढवता तेवढेच सूत मागितले तर झीज खांद्यावर येते. दोन्ही नको म्हणून कमी सूत मान्य केले तर ती मजुरीवर येते. चौथी जागा उरतेच कुठे? ती आहे, आणि वर्ध्याने ती शोधली.

त्या शोधात विनोबांचा वाटा सर्वांत मोठा आहे. जमनालाल बजाजांच्या आग्रहावरून ते एप्रिल १९२१ मध्ये वर्ध्याला आले, पुढे नालवाडीला आणि १९३८ पासून पवनारला धाम नदीच्या काठी राहिले. कातण्याचा त्यांचा अभ्यास कारागिराच्या तोडीचा होता. टकळी दोन्ही हातांनी चालवण्यावर त्यांचा भर होता. एका बाजूची झीज दोन्ही बाजूंना वाटून देण्याचा हा अगदी साधा उपाय. पण त्यांचे खरे धाडस १९३५ च्या सुमारास नालवाडीला केलेल्या प्रयोगात आहे. दिवसाचा मोठा भाग कातायचे, आणि चरखा संघाच्या दराने जी मजुरी होईल तेवढ्यावरच निर्वाह करायचा, असे त्यांनी ठरवले. कातण्याचे तत्त्वज्ञान सांगणाऱ्याने कातणारीच्या जागी बसून आपल्या ताटातल्या घासांनी तिची मजुरी मोजणे, हा भारतीय विचाराच्या इतिहासातला फार मोठा प्रसंग आहे. त्याची आठवण सूत्रयज्ञाच्या गौरवापेक्षा जास्त व्हायला हवी.

निष्कर्ष उघड होता: कुशल हात दिवसभर राबला तरी त्या दरात धड पोट भरत नाही. १९३५ मध्येच गांधींनी कातणारीला आठ तासांच्या कामाचे आठ आणे मिळावेत, असा विचार मांडला. चरखा संघाने प्रत्यक्षात स्वीकारलेला दर त्याच्या बराच खाली राहिला, पण तत्त्व मान्य झाले. आधी बाईला काय खायला आणि नेसायला लागते ते ठरवायचे, त्यावरून मजुरी, आणि मजुरीवरून खादीचा भाव. खादी महागली, खप घसरेल अशी भीती कार्यकर्त्यांना वाटली, आणि ती खोटीही नव्हती. चौथी जागा ती हीच. वेग आणि श्रम यांच्यातली फट कातणारीच्या अंगावरून उचलून कापड नेसणाऱ्याच्या खिशावर ठेवली गेली. ज्याला खादी नेसून धर्माचे समाधान मिळवायचे आहे, त्याने त्या धर्माची किंमत स्वतः द्यावी. वेगाची आवड ज्याची, टायर त्याचा, हाच न्याय इथे लागला.

या घडामोडीच्या मागे गीतेतला एक जुना प्रश्न उभा आहे. दुसऱ्या अध्यायात योगाच्या दोन व्याख्या अगदी जवळजवळ येतात. ४८ व्या श्लोकात सिद्धी-असिद्धीविषयीची समता म्हणजे योग असे सांगितले आहे आणि ५० व्या श्लोकात कर्मातले कौशल्य म्हणजे योग असे. दोन्ही एकच की निरनिराळ्या? शंकराचार्यांनी कौशल्याचा अर्थ समतेतच मिळवला. कर्म स्वभावतः बांधणारे असते, ते समबुद्धीने केल्यामुळे बांधत नाही, हेच कौशल्य. टिळकांनी १९१५ च्या गीतारहस्यात कौशल्याला अधिक स्वतंत्र वजन दिले. योग ही कर्म करण्याची विशेष युक्ती, हा त्यांचा रोख आहे. ट्रॅकवरचा चालक आणि शर्यतीचे गणित मांडणारा कारागीर टिळकांच्या बाजूचे वाटतील, तर सूत किती निघाले याची मोजदाद न करणारा साधक शंकराचार्यांच्या. हे वाटप मात्र वरवरचे आहे.

कातण्याच्या कामात समता आणि कौशल्य यांची ताटातूट करता येत नाही. धाग्याची जाडी एकसारखी येणे हे कौशल्य आहे, पण ते वेग वाढवून येत नाही. ओढ आणि पीळ यांचा मेळ क्षणोक्षणी राखला तरच येते, आणि मन चळले की पहिली खबर धागाच देतो. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी गीतेवर जी प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी लिहून घेतली, त्यांत बाहेरच्या कर्माला आतल्या मनाची जोड मिळाली की कर्माचा भार उतरतो, असा विचार आहे. चरख्यावर तो तपासून पाहता येतो. एक मर्यादा मात्र लक्षात ठेवावी लागते. मनाच्या समतेने कर्माचा भार हलका होतो. वाकडी चात सरळ होत नाही आणि अपुरी मजुरी पुरी पडत नाही. समतेचा उपदेश कातणारीला करून मजुरीचा प्रश्न झाकणे म्हणजे टायर एका बाजूने खात असताना चालकाला शांत राहायला सांगणे. विनोबांनी हे केले नाही. समता आपल्या अंगी बाणवली आणि मजुरी मात्र आण्या-पैशांत मोजली.

साधनाच्या रचनेतही याच काळात वर्ध्यात बरेच काम झाले. डिसेंबर १९३४ मध्ये ग्रामोद्योग संघ स्थापन झाला, मगनवाडीत त्याचे ठाणे पडले आणि जे. सी. कुमारप्पा त्याचे काम पाहू लागले. ३० डिसेंबर १९३८ रोजी गांधींच्या हस्ते मगन संग्रहालय सुरू झाले. गावात बनणाऱ्या आणि गावात दुरुस्त होणाऱ्या अवजारांचे ते दालन. मगनलाल गांधींचे नाव लाभलेला मगन चरखा प्रभुदास गांधींनी तयार केला. त्यात चाक पायाने फिरते आणि दोन्ही हात दोन चातींवर सूत काढतात. सूत वाढते, पण दोन चातींचा ताण एकसारखा राहावा लागतो. एक माळ सैल पडली की डाव्या-उजव्या हाताच्या सुतात फरक पडतो. चाकाचा भार खांद्यावरून मांडीवर आला, हा लाभ. दोन्ही हात आणि दोन्ही डोळे कायमचे गुंतले, ही त्याची किंमत. साधा चरखा चालवणारी बाई मधूनच मुलाकडे पाहू शकते, मगन चरखा चालवणारीला ते सोपे नाही. अवजाराच्या मोजमापात ही गोष्ट क्वचितच धरली जाते. ती धरायला हवी.

१९४४ मध्ये सेवाग्रामला चरखा संघाच्या कामाचा फेरविचार करताना गांधींनी विक्रीच्या खादीपेक्षा स्वतःच्या वापरासाठी कातण्यावर जोर दिला. कातणारा आणि नेसणारा एकच झाला की झीज कोणाची हा वादच मिटतो, म्हणून तर्काच्या दृष्टीने हे सर्वांत निर्मळ उत्तर आहे. पण ज्या घरात रोकड येण्याचा दुसरा मार्ग नाही, त्या घराला ते पेलत नाही. त्यामुळे ते सर्वांना लागू पडले नाही आणि पडणारही नव्हते. स्वातंत्र्यानंतर अंबर चरखा आला. तमिळनाडूतल्या एकंबरनाथ यांची ही रचना अनेक चातींची, रुळांनी तंतू ओढणारी; १९२९ च्या गणिताने जे सुचवले होते त्याच दिशेची. सूत वाढले, मजुरी सुधारली, बोटांचे कौशल्य मात्र रुळांकडे गेले. सुटे भाग धातूचे झाले आणि देखभालीसाठी गावचा सुतार पुरेनासा झाला.

आता वर्ध्यातल्याच महात्मा गांधी ग्रामीण औद्योगिकीकरण संस्थेत सौर चरख्यावर काम झाले आहे. खेड्यातल्या घराघरात वीज पोचली आणि तिच्यावर गावकऱ्यांनी आपली अवजारे चालवली तर गांधींचा विरोध नव्हता. सत्ता कोणाच्या हाती राहते, एवढेच ते पाहत. सौर चरख्यात चाक फिरवण्याचे श्रम सूर्यावर सोपवले जातात आणि खांद्याची झीज जवळजवळ संपते. तिथे मोजायच्या गोष्टी निराळ्या आहेत. बॅटरी किती वर्षांनी बदलावी लागते आणि तिचे पैसे कोण देते, मोटार बिघडली तर ती तालुक्याच्या ठिकाणी दुरुस्त होते की महिनाभर चरखा बंद राहतो, वाढलेल्या सुताचा भाव कातणारी ठरवते की पेळू पुरवणारा, आणि आठ तास धागे तुटतात का हे पाहत बसणाऱ्या बाईच्या डोळ्यांवर आणि पाठीवर काय ताण येतो. १९२९ च्या अटींत यांतल्या दोन गोष्टी आधीच लिहून ठेवल्या होत्या: देखभाल आणि आठ तासांचे श्रम. नव्या चरख्याची चाचणी सूर्यप्रकाशाच्या वॅटवर थांबली तर ती रिकाम्या गाडीची जुळणी ठरते. कातणारीला तिच्या जागी बसवून, तिच्या महिन्याच्या हिशेबासह केली, तर त्यातले कोन खरे येतात.